देव, धर्मसंकट आणि गौप्यस्फोट: पहिली एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी

देवांवरची काल्पनिक एकांकिका लिहायला घेतली की बहुतेकांना आधी शेवट सुचतो. दारात आलेला भिकारी प्रत्यक्ष देव निघतो, वेडी म्हणून हाकललेली बाई गावदेवी निघते. प्रेक्षक चमकतो, टाळी पडते, पडदा पडतो. पण रहस्य कळल्यावर कुणालाच काही ठरवायचं उरलेलं नसतं, त्यामुळे नाटक तिथेच विरतं. रहस्य उघडल्यावर पेच सुटता कामा नये, तो आणखी आवळला गेला पाहिजे. पुढची सगळी कामं एवढ्या एका गोष्टीसाठी आहेत. मुंबईतल्या एकांकिका स्पर्धांना चालेल असा ३५ ते ४० मिनिटांचा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम दिला आहे. मालिकेचे भाग लिहिणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी कर्णाचा प्रसंग उलगडून बघा

कागदाला पेन लावण्याआधी एक संध्याकाळ या प्रसंगाला द्या. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण परत निघतो, कर्णाला रथात घेतो आणि त्याच्या जन्माचं गुपित सांगतो. तू थोरला पांडव आहेस, चल, राज्य तुझं. कर्ण नकार देतो. अधिरथ आणि राधेनं वाढवलं, दुर्योधनानं माझ्या भरवशावर युद्ध मांडलं, आता मागे फिरणार नाही. वर कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य माझ्या हवाली करील, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. त्यानंतर कुंती येते. तिला तो शब्द देतो की अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, तुझे मुलगे पाचच राहतील. युधिष्ठिराला हे कळतं ते थेट स्त्रीपर्वात, युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी.

गुपित एकच आहे. कुंतीला ते पहिल्यापासून माहीत आहे, कर्णाला युद्धाआधी कळतं, युधिष्ठिराला युद्धानंतर. कर्णाला वेळेत कळलं म्हणून त्याच्यापुढे पेच उभा राहिला. युधिष्ठिराला उशिरा कळलं म्हणून त्याच्या वाट्याला फक्त पश्चात्ताप आला. पेच हवा असेल तर निर्णयाच्या आधी उघडा, पश्चात्ताप हवा असेल तर नंतर. पहिल्याच एकांकिकेत दुसरा मार्ग धरू नका. त्याला मोठा अवकाश लागतो, आणि चाळीस मिनिटांत प्रेक्षक त्या दुःखापर्यंत पोचत नाही.

बळीराजाची गोष्टही पहिल्या जातीची आहे. शुक्राचार्य वामनाला ओळखतो, बळीला सावध करतो, आणि बळी तरीही दान देतो. आपल्याकडे 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारा प्रेक्षक बसलेला असतो. तो तिसऱ्या पावलाच्या वेळी देवाच्या बाजूनं असेलच असं धरून चालू नका. ही ओढाताण तुमच्या फायद्याची आहे.

यक्षप्रश्नाची गोष्ट उलटी चालते. युधिष्ठिर भीम-अर्जुनाला बाजूला ठेवून नकुलाचा जीव मागतो, कारण माद्रीचाही एक मुलगा जगायला हवा. मग कळतं की यक्ष म्हणजे साक्षात यमधर्म. ही परीक्षेची गोष्ट. तिच्यात एक धोका आहे: देव प्रसन्न होतो, सगळं परत मिळतं आणि मोजलेली किंमत पुसली जाते. अतिथी होऊन आलेल्या देवासाठी पोटचा मुलगा कापणाऱ्या श्रियाळ-चांगुणेच्या गोष्टीत तो मुलगा, चिलया, परत येतो तेव्हा कीर्तनातला श्रोता हात जोडतो. आजच्या नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला मात्र मधली यातना फुकट गेल्यासारखी वाटते. परीक्षेची गोष्ट घेतलीत तर एक तरी गोष्ट कायमची गेलेली ठेवा.

देव कोणता घ्यायचा

ज्या देवाची रोज पूजा होते त्याला काल्पनिक पापात अडकवू नका. वादाची भीती हे एक कारण आहेच, पण नाट्यदृष्ट्याही ते अवघड जातं. प्रेक्षक त्या देवाविषयीचं स्वतःचं मत घेऊन आलेला असतो, आणि तुमचं पात्र त्या मताखाली दबून जातं. पुराणातला प्रसंग घ्यायचा असेल तर मूळ कथेचे दोन-तीन पाठ तपासा. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, तिथे चरित्रकोश आणि संस्कृतिकोश काढून बसता येतं.

नवख्यानं स्वतःची देवता रचावी, पण तिचं बीज इथल्याच मातीतलं घ्यावं. अठराव्या शतकात वरळी आणि मुंबई बेटांमधली खिंड बुजवणारा बांध सारखा ढासळत होता. बांधाचं काम बघणाऱ्या रामजी शिवजी यांच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या तेव्हाच बांध टिकला आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. यातली देवी तशीच उचलू नका. 'पाणी अडवायचं तर देवीचं देणं आधी फेडायचं' हा सांगाडा घ्या.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी त्यातूनच रचलेला एक नमुना वापरू. खाडीच्या तोंडाशी वरची आळी आणि खालची आळी. मध्ये खाडीआईचा काळा धोंडा. उधाणाला मुसळधार पाऊस जोडून आला की दोनांपैकी एक आळी बुडणार. कोणती, ते कौल लावून ठरतं: धोंड्याला पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर वरची आळी वाचणार, डावी पडली तर खालची. कौल लावतात गुरव अप्पा. त्यांनी वाढवलेली सुमन आता एकवीस वर्षांची आहे. वीस वर्षांपूर्वी खालची आळी बुडाली. सुमनचे आईबाप तिथलेच होते, हे तिला माहीत नाही. त्या रात्री कौल पडला नव्हता, तो अप्पांनी पाडला होता, हेही माहीत नाही. आज अप्पांचे हात थरथरतात, म्हणून कौल सुमननं लावायचा आहे.

देवीच्या हातात काय नाही, ते आधी लिहा

सर्वशक्तिमान देवाला धर्मसंकट नसतं. म्हणून देवीची ताकद एका ओळीत लिहा आणि तिची मर्यादा तीन ओळींत. खाडीआई पाणी वळवू शकते. तिला ते आटवता येत नाही. कौलाबाहेर जाता येत नाही. कौलात माणसानं लबाडी केली तरी त्याविषयी बोलता येत नाही, कारण ती एकदा ते बोलली की पुढे कुठलाच कौल खरा राहणार नाही. आता देवीही अडकली. सत्य सांगावं तर वचन मोडतं, वचन पाळावं तर अन्याय झाकला जातो.

हिरण्यकशिपूच्या वराची मांडणी यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. अटी आधी ऐकलेल्या असतात, म्हणूनच उंबरठ्यावर, संध्याकाळी, नखांनी हे सगळं जुळतं तेव्हा लेखकानं फसवल्यासारखं वाटत नाही. तुमच्या देवीच्या सगळ्या मर्यादा पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाच्या कानावर पडल्या पाहिजेत. पंचविसाव्या मिनिटाला नवी शक्ती किंवा नवा शाप काढलात की तिथे प्रेक्षक सुटतो आणि परत हाती लागत नाही.

पावसाचं आणि खाडीचं वास्तव मात्र मोडू नका, मुंबईचा प्रेक्षक त्यात तयार आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे इथे लोकांना पाठ आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी तुंबतं, हेही माहीत आहे. भरती ते ओहोटी सहा तासांच्या थोडं वर लागतात. एकांकिकेतलं घड्याळ यावर बांधा: 'भरतीला पाऊण तास राहिला' हे वाक्य कुठल्याही आकाशवाणीपेक्षा जास्त ताण निर्माण करतं.

धर्मसंकट एका वाक्यात बसलं पाहिजे

'सुमननं कौल देवीवर सोडला, तर अमुक तुटतं. स्वतः पाडला, तर तमुक तुटतं.' रिकाम्या जागा भरा. दोन्हीकडे माणसाचं नाव यायला हवं, आणि ती दोन्ही माणसं रंगमंचावर दिसायला हवीत. 'न्याय', 'समाज', 'श्रद्धा' असले शब्द आले तर वाक्य पुन्हा लिहा. आपल्या नमुन्यात वरच्या आळीतली बायोआजी येते, जिनं सुमनला अंगाखांद्यावर खेळवलं, आणि खालच्या आळीत नव्यानं राहायला आलेला, दुसरीकडे कुठेही जागा न परवडलेला एक तरुण बाप येतो. दोघांनाही एकेक असा प्रसंग द्या ज्यात ते काही मागत नाहीत. मागायला लागलेलं पात्र लगेच युक्तिवाद वाटू लागतं.

मग सहा-सात जणांना फक्त पेच सांगा, शेवट सांगू नका, आणि विचारा: तुम्ही काय केलं असतं? सगळे एकच उत्तर देत असतील तर पेच कच्चा आहे. दुसऱ्या पारड्यात भर घाला. इथे बहुतेकांचा हात चुकतो तो खलनायक आणण्यात. एक बिल्डर आणला, एक लबाड पुढारी आणला की प्रेक्षकाला कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते कळतं आणि धर्मसंकट संपतं. अप्पांनी लबाडी केली, पण त्यांचा तान्हा मुलगा वरच्या आळीत झोपला होता. हे कारण मान्य करणारे अर्धे प्रेक्षक आणि न मान्य करणारे अर्धे, अशी विभागणी झाली पाहिजे.

कुणाला कधी कळतं, याचा तक्ता

एका कागदावर उभ्या ओळीत पात्रं लिहा: देवी, अप्पा, सुमन, बायोआजी, आणि शेवटी प्रेक्षक. प्रेक्षक हेही एक पात्रच धरा. आडव्या ओळीत मिनिटं. आमच्या मते चाळीस मिनिटांसाठी हे गणित बरं बसतं: प्रेक्षकाला पहिली शंका १४ व्या मिनिटाच्या आसपास, सुमनला कळणं २४ ते २६ च्या दरम्यान, निर्णय ३५ व्या. शंका आणि खात्री यांत दहा मिनिटं हवीत, कारण तेवढ्यात प्रेक्षक अप्पांच्या हातांकडे लक्ष ठेवू लागतो.

रहस्य पूर्ण झाकून ठेवायचा अट्टहास करू नका. पौराणिक गोष्टीत अर्धं नाट्यगृह पुढचं जाणून बसलेलं असतं. त्याला 'काय' पेक्षा 'हिला कळल्यावर काय होईल' याची ओढ जास्त असते.

भरतानं नाट्यशास्त्रात पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच टप्पे, सांगितल्या आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. नवख्यांच्या संहितेत चौथी बहुधा नसतेच. रहस्य फुटलं की लगेच निकाल लावतात. रहस्य आणि निकाल यांच्यामध्ये किमान आठ मिनिटं ठेवा. खरं नाटक तिथे आहे.

पेरणी

रहस्याचा पुरावा तोंडी नको, दिसणारा हवा. परशुराम मांडीवर डोकं ठेवून झोपलेला असताना किडा कर्णाची मांडी पोखरतो, कर्ण हलत नाही, रक्त लागून गुरू जागा होतो आणि एवढी वेदना सोसणारा ब्राह्मण असणं शक्य नाही हे ओळखतो. कुणी येऊन चुगली करत नाही, रक्तच बोलतं.

आपल्याकडे पुरावा आहे पाकळ्यांना पाणी लावण्याची अप्पांची सवय. ती तीनदा दाखवायची. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी 'होडी घालू का' म्हणून कौल मागायला येतो. अप्पा डाव्या पाकळीला दोनदा पाणी लावतात, पण प्रसंगाचं लक्ष होडीवर असतं. नवव्या मिनिटाला एक पोरगा त्यांची नक्कल करतो, 'डावी दोनदा, उजवी एकदा', आणि लोक हसतात. तिसरी वेळ म्हणजे स्फोट. प्रत्येक पेरणीला त्या प्रसंगात दुसरं काही काम असलं पाहिजे. काम नसलेली पेरणी प्रेक्षक तिथल्या तिथे उचलतो. एकदाच पेरलेलं अर्ध्या लोकांच्या नजरेतून निसटतं, आणि चारदा पेरलंत तर सगळे तुमच्या आधी पोचतात.

प्रत्यक्ष स्फोट

पहिल्या खर्ड्यात तो बहुधा असा येतो:

अप्पा : पोरी, गेली वीस वर्षं जे सत्य मी काळजात दडवून ठेवलं, ते आज तुला सांगण्याची वेळ आली आहे...

यानंतर दीड पानाचं निवेदन, मागे गूढ संगीत, निळा प्रकाश, भूतकाळ. प्रेक्षकाला 'वेळ आली आहे' या शब्दांतच पुढचं कळतं, आणि सुमनला उभं राहून ऐकण्यावाचून काम उरत नाही. आता तोच प्रसंग पुराव्यातून:

(सुमन दोन्ही पाकळ्या लावते. दोन्हींना एकेकदा पाणी.)
अप्पा : डावीला पुन्हा लाव.
सुमन : लावलं की.
अप्पा : दोनदा लावायचं.
सुमन : का?
अप्पा : सुटते ती.
सुमन : मग सुटू दे ना. सुटायलाच लावतो आपण.
(अप्पा गप्प.)
सुमन : अप्पा, त्या रात्री डावीला किती वेळा लावलं होतं तुम्ही?
अप्पा : दोनदा.
सुमन : आणि उजवीला?
(बराच वेळ. बाहेर पाण्याचा आवाज.)
अप्पा : उजवीला लावलंच नव्हतं.

इथे तीन गोष्टी बघा. प्रश्न सुमन विचारते, म्हणजे रहस्य ती खेचून काढते. सगळा भार शेवटच्या वाक्यावर पडतो, आणि त्या वाक्यात 'सत्य', 'पाप', 'क्षमा' यांतला एकही शब्द नाही. आणि स्फोटानंतरची पहिली ओळ सुमनची असावी, तीही छोटी. इतका वेळ 'अप्पा, तुम्ही' म्हणणारी मुलगी आता म्हणते, 'गुरव, बाजूला व्हा.' नातं तुटल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

आईबापांचं गुपित याच प्रसंगात उघडू नका. दोन स्फोट एका पानावर आले की दुसरा पहिल्याला खातो. चार-पाच मिनिटं जाऊ द्या आणि ते बायोआजीच्या तोंडून येऊ द्या, सुमनला आवरताना, अनवधानानं. पहिल्या स्फोटानं सुमनला कळलं की कौल हातानं पाडता येतो, म्हणजे आता 'देवीनं ठरवलं' असं म्हणून सुटता येणार नाही. दुसऱ्यानं तिच्या हाती सूड घ्यायचं कारण दिलं. पेच दोनदा आवळला.

देवी कशी बोलते

'वत्से', 'तथास्तु' गाळा. देवीला एक भाषिक नियम द्या आणि तो कटाक्षानं पाळा. उदाहरणार्थ, खाडीआई फक्त वर्तमानकाळात बोलते, कारण तिच्यासाठी वीस वर्षांपूर्वीची रात्र अजून चालूच आहे. 'तुझी आई दार वाजवते. मी ऐकते.' माणसं तिला 'आई' आणि 'तू' म्हणतील, घाबरून 'आपण' म्हणणार नाहीत. ध्वनिमुद्रित आवाजाला घुमारा देऊ नका. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगांना शब्द कळत नाहीत आणि नेमकी अटच ऐकू येत नाही. कोळी-आगरी बोली येत नसेल तर ओढूनताणून आणू नका. साधी मराठी ठेवा आणि बोली जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घेतलेले चार शब्द वापरा.

वाचन आणि तालीम

संहिता पूर्ण झाली की मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. वाचनाला लागलेल्या वेळात हालचाली आणि शांतता यांसाठी पाच-सहा मिनिटं वाढतात, म्हणून चाळीसच्या मर्यादेला वाचन चौतीसच्या आत संपलं पाहिजे. वेळमर्यादा प्रत्येक स्पर्धेची वेगळी असते, नियमपत्रिका आधी मिळवा. वाचनाला गोष्ट ठाऊक नसलेले पाच-सहा जण बसवा आणि रहस्य ओळखलं त्या क्षणी वहीत पान क्रमांक लिहायला सांगा. बहुतेकांचे आकडे स्फोटाच्या दोन-तीन पानं आधी आले तर पेरणी बरोबर आहे. पहिल्या पाच पानांत आले तर नवव्या मिनिटाची नक्कल कमी करा. कुणालाच ओळखता आलं नाही तर खूश होऊ नका, पेरणी दिसलेलीच नाही.

नाटकाच्या संहितेला मंजुरी देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवायची असते, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. देवादिकांचा विषय असेल तर त्यात बदल सुचवले जाऊ शकतात, आणि पेरणीतलं एक वाक्य गेलं तरी पुढचा स्फोट लंगडा पडतो.

प्राथमिक फेरीत अनेकदा प्रकाशयोजना आणि नेपथ्य मिळत नाही, ट्यूबलाइटच्या उजेडात सादर करावं लागतं. त्यामुळे स्फोट ब्लॅकआऊटवर किंवा स्पॉटवर टांगलेला नको. तालमी मुद्दाम पूर्ण उजेडात घ्या. 'उजवीला लावलंच नव्हतं' यानंतर संगीत टाकू नका, सुमनची ओळ येईपर्यंत शांतता धरा. नवख्या नटाला ती शांतता फार लांब वाटते आणि तो दोन सेकंदांत तोडतो. दिग्दर्शकानं तालमीत मनात पाचपर्यंत आकडे मोजून खूण द्यावी.

पाकळ्यांचं काम सोपं समजू नका. झेंडूची पाकळी दुसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. जास्वंदीची लाल पाकळी काळ्या धोंड्यावर बरी दिसते, पण शिवाजी मंदिरसारख्या नाट्यगृहात मागे बसलेल्याला तीही दिसणार नाही, म्हणून पडल्याची खबर सुमनच्या नजरेतून आणि बायोआजीच्या श्वासातून गेली पाहिजे. नुसत्या पाण्यावर पाकळी कधी पडेल याचा भरवसा नसतो. देठाला काळा दोरा बांधून तो धोंड्यामागून विंगेत न्या, आणि दुसऱ्या पाकळीलाही तसाच दोरा ठेवा, एक अडकला तर प्रयोग थांबायला नको. फेरी शाळा-कॉलेजच्या हॉलमध्ये असेल तर सुरू करण्यापूर्वी रंगमंचावरचे पंखे बंद करून घ्या.